बाटली क्रमांक ५३-एन

परळच्या हाफकिन संस्थेवरून जाणाऱ्या मुंबईकरांपैकी पुष्कळांची समजूत अशी असते, की हाफकिन हा कुणी गोरा साहेब असावा. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत आला असावा, चार खाती सांभाळून पेन्शनीत निघाला असावा आणि विलायतेला परत गेला असावा. सर्पदंशावरच्या लशीमुळे आणि पोलिओच्या थेंबांमुळे हे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले, पण त्यामागचा माणूस मात्र पोहोचला नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला माणसांचे वेड असते आणि बँकेत उभी हयात काढलेल्याला आकड्यांचे. हाफकिन यांच्या चरित्रात मला दोन्ही सापडले, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

वाल्डेमार हाफकिन जन्मले १५ मार्च १८६० रोजी, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात. ओडेसा आज युक्रेनमध्ये आहे. तेव्हा तिथे झारचे राज्य होते. विद्यापीठात त्यांना गुरू लाभले ते मेचनिकोव्ह, ज्यांना पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यार्थिदशेत हाफकिन झारविरोधी क्रांतिकारकांच्या वर्तुळात वावरले, तुरुंगाची हवा खाऊन आले. १८८१ मध्ये ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते आणि जखमीही झाले. पदवी उत्तम होती, संशोधन चोख होते. पण प्राध्यापकपद हवे असेल तर ख्रिस्ती व्हा, अशी अट पुढे आली. त्यांनी ती नाकारली आणि एका प्राणिसंग्रहालयात, म्हणजे पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संगतीत, काही वर्षे काढली. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिस. लुई पाश्चर यांच्या संस्थेत मेचनिकोव्ह आधीच पोहोचले होते, परंतु शिष्यासाठी जागा रिकामी होती ती फक्त ग्रंथालयात, सहायकाची. ती त्यांनी घेतली. पुस्तके लावून झाल्यावर उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसून या गृहस्थाने पटकीवरची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

पटकीचे माहेरघर म्हणजे बंगाल. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले. पुढच्याच वर्षी शहरातल्या कट्टलबागान नावाच्या वस्तीत पटकीने माणसे दगावली. वस्तीत सुमारे दोनशे लोक; त्यांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर तिथे आणखी दहा जणांना लागण झाली, आणि ते दहाही जण न टोचलेल्यांपैकी निघाले. पडवीला पडवी लागलेल्या, एकाच तलावाचे पाणी पिणाऱ्या लोकांत ही रेघ पडली होती. हाफकिन यांचे खरे मोठेपण मला इथे दिसते. लस काढणारे त्या काळी इतरही होते. पण लस टोचलेल्यांइतकीच न टोचलेल्यांची काटेकोर नोंद ठेवायची, दोन्ही रकाने शेजारी शेजारी मांडायचे आणि मगच तोंड उघडायचे, ही शिस्त तेव्हा दुर्मीळ होती. आज कोणतेही नवे औषध बाजारात येण्याआधी याच हिशेबातून जाते.

आता आपल्या मुंबईकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी काखेत-जांघेत गाठ आलेला, तापाने फणफणलेला रुग्ण पाहिला आणि हा प्लेग आहे हे ओळखले. शहर ओस पडू लागले. ७ ऑक्टोबरला हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि एक बोळ. दिमतीला एक कारकून आणि तीन पट्टेवाले. एवढ्या लवाजम्यावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली.

ती कशी केली, हे गृहिणींनी तरी वाचावेच. जंतू वाढवायला मांसाचा अर्क लागतो. युरोपात त्यासाठी गोमांस वापरत. इथे गोमांस म्हटले तर हिंदू बिथरणार, डुकराचे म्हटले तर मुसलमान. म्हणून हाफकिन यांनी बकऱ्याचे मटण घेतले. त्या अर्काच्या पृष्ठभागावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून, गुहेच्या छताला चुनखडीचे झुंबर लोंबावे तसे, खाली लोंबत वाढतात हे त्यांच्या ध्यानात आले होते. झुंबर वाढले की बाटली हलवून ते पाडायचे, पुन्हा वाढू द्यायचे. असे काही आठवडे. शेवटी तापवून जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. हे कार्बोलिक आम्ल वाचकांनी लक्षात ठेवावे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तीही दहा घन सेंटिमीटर, म्हणजे पुढे सर्वसामान्य माणसाला दिल्या गेलेल्या मात्रेच्या कितीतरी पट. ताप चढला, अंग ठणकले, आणि उतरले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तिथल्या कैद्यांना विचारण्यात आले. साधारण निम्मे राजी झाले, निम्मे नाहीत. ज्यांच्या अंगात रोग आधीच भिनलेला होता आणि जे त्याच दिवशी आजारी पडले, त्यांना हिशेबातून वगळले. उरलेल्यांत न टोचलेले १७२. त्यांतले बारा आजारी पडले, सहा गेले. टोचलेले १४७, त्यांतले दोन आजारी पडले आणि दोघेही वाचले.

एवढे होऊनही लोक धावून आले असे मात्र नाही. काळच तसा होता. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली सोजिरांनी घरात घुसून जे केले, त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीत झाला, हे आपण शाळेत शिकलो. त्याच पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. लस तेव्हा अवघी दोन महिन्यांची होती. सरकारच्या दंडुक्याने पोळलेल्या लोकांना सरकारची सुईही तशीच वाटली, यात त्यांचा दोष मी तरी काढणार नाही. हाफकिन यांना हे उमगले होते. सक्ती करून भागणार नाही, माणसाने आपल्या पायांनी यायला हवे, असा त्यांचा आग्रह होता. वीस वर्षांचे तरुण आगाखान त्यांच्या मदतीला धावले. त्यांनी चारचौघांदेखत स्वतः टोचून घेतले, आपली वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली, आणि खोजा समाजातील हजारो माणसे त्यांच्या मागोमाग आली.

मला सर्वांत जास्त खिळवून ठेवतो तो बडोद्याजवळच्या उंढेरा गावाचा प्रयोग. साल १८९८. गावात प्लेग होता. हाफकिन यांनी घरोघर माणसे मोजली आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्यांना टोचले, निम्म्यांना नाही. एकच चूल, एकच छप्पर, तेच उंदीर, तीच पिसवा. टोचलेले झाले ५१३, न टोचलेले ४३७. काही आठवड्यांनी पुन्हा घरोघर जाऊन मोजदाद केली. प्लेग २८ घरांत शिरला होता. त्या घरांतल्या ७१ टोचलेल्यांपैकी आठ आजारी पडले आणि तीन दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी सत्तावीस आजारी पडले आणि सव्वीस दगावले. हे आकडे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा शास्त्र विसरून त्या अठ्ठावीस घरांतच जातो. थोरल्याला टोचले आणि धाकटा राहिला. सासू वाचली आणि सून गेली. असे काय काय तिथे घडले असेल! आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसवायला बराच खल करावा लागेल. पण त्या दोन रकान्यांनी पुढे लाखोंना सुईपर्यंत आणले, हेही खरे.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा थाटात उघडली. रशियातून आलेला हा मनुष्य हेर तर नसेल, अशी कुजबुज गोऱ्या अधिकाऱ्यांत चाले. आता तोच त्यांचा प्रमुख झाला. तो डॉक्टरही नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता, आणि वैद्यकीय सेवेतील साहेबांना हे फार बोचत असावे असे मला वाटते.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस उगवला. पंजाबातले मुल्कोवाल हे गाव, आज पाकिस्तानात आहे. पाच बाटल्यांतून १०७ माणसांना लस टोचली गेली. आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांचे जबडे आवळू लागले. धनुर्वात! एकोणीसच्या एकोणीस गेले. बाकीच्यांना काही झाले नाही. हे एकोणीस जण एकाच बाटलीतून टोचलेले होते; तिचा क्रमांक ५३-एन, आणि ती परळला भरली गेली होती एक्केचाळीस दिवस आधी.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. पंजाबातून लशीची मागणी अफाट वाढली होती, म्हणून हाफकिन यांनी कृती थोडी बदलून कार्बोलिक आम्ल वगळले होते आणि निर्जंतुक करण्यासाठी केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ही रीत मान्य होती. समितीला मात्र दोरी सापडली आणि तिने साप धरला. बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळातच, ती दूषित झाली होती असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना काम सोडावे लागले. १९०४ साली ते लंडनला गेले.

मी बँकेत असताना काही खातेनिहाय चौकश्यांत चौकशी अधिकारी म्हणून बसलो आहे. रोख रकमेची लाखेने मोहोरबंद पेटी एका ठिकाणाहून निघते, दुसऱ्या ठिकाणी फोडली जाते आणि रक्कम कमी भरते. अशा वेळी वरच्यांचे बोट आपोआप पाठवणाऱ्याकडे वळते, विशेषतः तो आपल्यातला नसला तर. परंतु पहिला प्रश्न असा असतो, की मोहोर फुटली त्या घटकेला तिथे कोण होते आणि काय घडले? मुल्कोवालच्या कागदपत्रांत या प्रश्नाचे उत्तर होते. ५३-एन उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो विस्तवावर धरून तापवायला हवा होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात खळबळवला आणि त्यानेच बूच काढले. धनुर्वाताचे जंतू असतात मातीत, शेणात, खेड्यातल्या जमिनीत. ही गोष्ट लोकांपुढे यायला वर्षे लागली.

ती आणली रोनाल्ड रॉस यांनी. मलेरिया डासांमुळे होतो हे सिकंदराबादेत शोधणारे, १९०२ चे नोबेल मिळालेले हेच ते रॉस. १९०७ मध्ये त्यांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्रांमागून पत्रे लिहिली. त्यांचा युक्तिवाद एखाद्या निष्णात लेखापरीक्षकाला शोभावा असा होता. जंतू परळलाच शिरले असते तर एक्केचाळीस दिवसांत ते बाटलीत बेसुमार वाढले असते. बाटलीला दुर्गंधी सुटली असती, आणि उघडताना तशी ती कुणालाच आली नव्हती. शिवाय विष आयते तयार असल्यामुळे माणसे लगेच आजारी पडली असती. ती पडली आठवड्याने. म्हणजे जंतू ताजे होते, थोडे होते, आणि माणसांच्या शरीरात गेल्यावर वाढले. त्या वर्षीच्या जुलैत रॉससह दहा नामांकित शास्त्रज्ञांनी एकत्र सही करून हाफकिन यांच्या निर्दोषत्वाची ग्वाही दिली. नोव्हेंबरमध्ये सरकारने त्यांना दोषमुक्त केले.

निर्दोष ठरले, पण परळ काही परत मिळाले नाही. तिथली खुर्ची भरलेली होती. त्यांना कलकत्त्यास नेमले गेले, जिथे लस बनवण्याची सोय नव्हती. ज्याने मोठी प्रयोगशाळा उभारली, त्याने नोकरीची उरलेली वर्षे किरकोळ संशोधनात घालवली. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आवाज उठवल्याचे दिसत नाही. मुंबईत मात्र त्यांची लस बनत राहिली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या.

उत्तरायुष्य त्यांचे फ्रान्समध्ये आणि मग स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे गेले. लग्न केले नव्हते. तारुण्यात धर्म बदलायला नकार देणारा हा शास्त्रज्ञ वयाबरोबर अधिकाधिक आचारनिष्ठ ज्यू होत गेला, आणि साठवलेली सगळी माया त्याने पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मपाठशाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझानला त्यांचे निधन झाले. भारताच्या टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले.

त्यांच्या मृत्यूच्या पाच वर्षे आधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले आणि तसे त्यांना कळवण्यात आले. त्यांचे उत्तर आले, त्यात मुल्कोवालचा उल्लेख नव्हता. आयुष्यातली उत्तम वर्षे मुंबईतल्या त्या कामात गेली आणि तिथल्या प्रत्येक गोष्टीबद्दल आपल्याला काय वाटते हे वेगळे सांगायला नको, एवढेच त्यांनी लिहिले होते.