विद्येची वाट : रमाबाई रानडे

पुणे शहरात लक्ष्मी रस्त्यावर ‘हुजूरपागा’ या नावाने ओळखली जाणारी मुलींची शाळा आहे. पेशव्यांच्या काळात या जागेवर त्यांच्या घोड्यांची पागा होती. त्यावरून हे नाव रूढ झाले. २९ सप्टेंबर १८८४ रोजी स्थापन झालेल्या या शाळेने महाराष्ट्रात मुलींच्या माध्यमिक शिक्षणाची वाट मोकळी केली. तिच्या स्थापनेत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व शंकर पांडुरंग पंडित यांनी पुढाकार घेतला. या कार्याशी एका स्त्रीचे नावही जोडलेले आहे. त्या स्वतः लहानपणी कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. त्या म्हणजे रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना. लिहायला-वाचायला शिकलेल्या मुलीला वैधव्य येते, अशी भीती त्या काळी समाजात खोलवर रुजलेली होती. साहजिकच यमुनेला अक्षरओळख झाली नाही. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचा विवाह न्यायमूर्ती रानडे यांच्याशी झाला. त्यांची प्रथम पत्नी निवर्तली होती आणि ते वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी एखाद्या विधवेशी विवाह करावा, अशी त्यांच्या सुधारक मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे मात्र रानड्यांनी मान तुकवली आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली.

विवाहानंतर लवकरच रानड्यांनी पत्नीला शिकवण्यास प्रारंभ केला. मुळाक्षरांपासून सुरुवात झाली. मराठी वाचन साधल्यावर इंग्रजीचा अभ्यास सुरू झाला. दिवसभर घरकामाचा व्याप असे; त्यामुळे धडे रात्री किंवा पहाटे घ्यावे लागत. मोठ्या एकत्र कुटुंबात सुनेने पुस्तक हाती धरणे वडीलधाऱ्या स्त्रियांना रुचत नसे. टोमणे, उपहास आणि अबोला हा रमाबाईंच्या नित्याच्या अनुभवाचा भाग झाला. रानडे घरातील मोठ्या माणसांचा शब्द सहसा मोडत नसत. ते पत्नीला सहनशीलतेचा उपदेश करत आणि अभ्यास मात्र पुढे चालू ठेवत. त्यामुळे सुधारणेचा पाठिंबा पतीचा असला, तरी तिचा घरातील भार रमाबाईंनाच वाहावा लागला.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांनी स्थापन केलेल्या आर्य महिला समाजाच्या सभांना रमाबाई रानडे जाऊ लागल्या. त्यामुळे घरातील विरोध अधिकच तीव्र झाला.

पुढे १८८४ मध्ये कसोटीचा प्रसंग आला. मुलींच्या माध्यमिक शाळेच्या निमित्ताने पुण्याच्या हिराबागेत मुंबईच्या गव्हर्नरांच्या उपस्थितीत सभा भरली. त्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचून दाखवले. उच्चकुलीन घरातील सुनेने परपुरुषांच्या सभेत उभे राहावे आणि तेही इंग्रजीत बोलावे, ही त्या काळी अघटित गोष्ट होती. सभेत त्यांचे कौतुक झाले. घरी परतल्यावर मात्र त्यांना कठोर बोल ऐकावे लागले. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही. परंतु पुस्तकही खाली ठेवले नाही.

शाळा सुरू झाली, तरी तिच्यापुढील अडचणी संपल्या नाहीत. तिचा अभ्यासक्रम आणि सकाळी अकरा ते सायंकाळी पाच ही तिची वेळ यांवर ‘केसरी’ व ‘मराठा’ या वृत्तपत्रांतून प्रखर टीका झाली. इतका वेळ मुली शाळेत राहिल्या, तर घरकाम कोण करणार, असा आक्षेप होता. तरीही शाळा टिकली. पुढे समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि कवयित्री शांता शेळके यांसारख्या विदुषी याच शाळेच्या विद्यार्थिनी होत्या. १८८४ साली ज्या गोष्टीबद्दल रमाबाईंना बोल लावले गेले, तीच गोष्ट या मुलींना सहजपणे लाभली.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा सुमारे एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. विधवेने घराच्या कोपऱ्यात दिवस कंठावेत, अशी रूढी होती. काही काळ एकांतात घालवल्यानंतर रमाबाईंनी वेगळा मार्ग स्वीकारला. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना आणि रुग्णालयातील रोग्यांना त्या भेटू लागल्या, त्यांची विचारपूस करू लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

१९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने त्यांनी पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू केले. प्रारंभीचे वर्ग त्यांच्या स्वतःच्या वाड्यात भरत. शाळेचे वय उलटून गेलेल्या प्रौढ स्त्रिया, परित्यक्ता आणि विधवा येथे येत. त्यांना लेखन-वाचनाबरोबर शिवणकामासारखे हस्तव्यवसाय शिकवले जात. अनेकींनी पुढे शिक्षिकेचे शिक्षण घेतले, तर काहींनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे प्रशिक्षण घेतले. परक्या रुग्णांची शुश्रूषा करणे उच्चवर्णीय स्त्रियांसाठी तेव्हा कमीपणाचे मानले जाई. ही समजूत दूर करण्यास रमाबाईंना फार प्रयत्न करावे लागले. अकराव्या वर्षी पहिले अक्षर गिरवणाऱ्या रमाबाईंना उशिरा शिकणाऱ्या स्त्रीचा संकोच आणि तिच्या घरची परिस्थिती स्वानुभवाने ठाऊक होती.

१९१० मध्ये त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांत त्याचे स्थान मोठे आहे. १९२० च्या सुमारास पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणातून मुलींना वगळण्याचा विचार पुढे आला, तेव्हा त्याविरुद्ध झालेल्या स्त्रियांच्या चळवळीत रमाबाई अग्रभागी होत्या. स्त्रियांना मताधिकार मिळावा, यासाठीही त्यांनी प्रयत्न केले. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले. भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

रमाबाईंना विद्या उशिरा मिळाली आणि तीही लपूनछपून, बोल सोसत मिळवावी लागली. ते कष्ट दुसऱ्या स्त्रीला पडू नयेत, यासाठी त्यांनी आपल्या घराचे दार उघडले. शिकण्याचे वय कधीच सरत नाही, आणि मिळालेले ज्ञान दुसऱ्याच्या हाती दिल्यानेच सार्थकी लागते, हे त्यांच्या जीवनाने दाखवून दिले.