दृष्टीचा व्यापार आणि दादासाहेब फाळके

नागझिऱ्याच्या जंगलात वाळल्या गवतात निश्चल उभा असलेला बिबट्या समोर असूनही बहुधा दिसत नाही. तो हलला की मात्र एकाच दिशेने सरकणारे ठिपके गवतापासून वेगळे होतात आणि सबंध जनावर प्रत्ययास येते. डोळ्यांत शिरणारा प्रकाश फारसा बदललेला नसतो. बदलते ती मनाने लावलेली जुळणी. पाहणे ही नुसती नोंद नव्हे, मांडणी आहे. मानसशास्त्राच्या परिभाषेत न शिरता हे मर्म ज्यांनी हाताने जाणले, त्यांत धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांची गणना केली पाहिजे.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण, नेपथ्य, शिळाछपाई असे अनेक उद्योग त्यांनी केले. प्रोफेसर केळफा हे, स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून घेतलेले, नाव लावून त्यांनी जादूचे प्रयोगही केले. जादूगाराचे खरे भांडवल हेच की, न दिसलेला मधला दुवा प्रेक्षकाचे मन आपण होऊन भरून काढते.

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्या जागी कृष्णचरित्र कल्पिले. मग चित्रपट पाहण्याचा असा ध्यास लागला की, अतिताणाने त्यांना काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. ध्यास मात्र ओसरला नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि तंत्र शिकून, यंत्रसामग्री मागवून परतले.

कर्ज देणाऱ्यांची खात्री पटवावी कशी, हा खरा प्रश्न होता. फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक वेळाने त्याचे एकेक चित्र टिपले. पडद्यावर ती निश्चल चित्रे भराभर सरकताच वेल वाढताना दिसू लागला. त्याच १९१२ साली जर्मनीत माक्स वेर्थायमर यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. दोन रेषा सुमारे ६० सहस्रांश सेकंदाच्या अंतराने एकीमागून एक दाखविल्यास एकच रेषा सरकल्याचा भास होतो, असे त्यांनी दाखविले. गती चित्रात नसते, ती पाहणारे मन निर्माण करते. यातूनच व्यूह मानसशास्त्राचा पाया घातला गेला. दोघांचे मार्ग भिन्न, मर्म एकच!

पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही या उद्योगात गहाण पडले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. स्त्रिया काम करण्यास तयार नसल्याने तारामती झाले ते अण्णा साळुंके. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याच होत्या. वेष आणि प्रसंग बदलताच प्रेक्षकांना तोच देह निराळी व्यक्ती म्हणून प्रतीत झाला.

तथापि, भासावर पोट भरणाऱ्या या माणसाने भासाचे रहस्य दडवून ठेवले नाही. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखविणारा लघुपटही त्यांनी काढला. बोलपटांच्या युगात ते मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा शासकीय पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला.

पुरस्काराने त्यांचे ऋण फिटत नाही. आज यंत्राने रचलेली, कधीच न घडलेल्या प्रसंगांची चित्रे घरोघरी पोहोचतात आणि मन ती नेहमीच्याच तत्परतेने खरी मानून जुळवून घेते. मनाचा हा स्वभाव बदलता येणार नाही. तो ओळखता मात्र येईल. शाळेत मुलांना वाचावयास शिकवितो तसे पाहावयासही शिकविले पाहिजे. कुंडीतला वाटाणा आणि एक कॅमेरा एवढ्यावर पहिला पाठ आजही देता येईल.