बास्केटबॉलमध्ये एका हाताचा शॉट कसा रुळला? जाणून घ्या हँक लुइसेटीबद्दल

१९३०च्या दशकात अमेरिकेत लांबून शॉट मारायचा तर पाय जमिनीवर आणि चेंडू दोन्ही हातांत, हीच रीत. सॅन फ्रान्सिस्कोचा हँक लुइसेटी मात्र धावता धावता एका हाताने चेंडू टाकायचा. ३० डिसेंबर १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्टॅनफर्डकडून त्याने १५ गुण केले. लाँग आयलंड विद्यापीठ सलग ४३ सामने जिंकून आले होते, ते ४५-३१ असे हरले. बघता बघता देशभरातील मुले त्याच्यासारखा शॉट मारू लागली. १९३८ मध्ये ड्युकेनविरुद्ध तर त्याचे एकट्याचेच ५० गुण!

दुसऱ्या महायुद्धात नौदलात असताना त्याला मेनिंजायटिस झाला आणि खेळ सुटला. १९४६ मध्ये आजच्या एनबीएची सुरुवात झाली. तिथे एका हाताचे शॉट सर्रास दिसू लागले. लुइसेटी त्या लीगमध्ये कधीच खेळला नाही. २००२ मध्ये त्याचे निधन झाले.