पाळवणकर बाळू

आज मुंबईपासून जळगाव-धुळ्यापर्यंत गावोगावच्या मैदानांवर मुले क्रिकेट खेळताना दिसतात. ज्याच्या हाती चेंडू येईल तो तो टाकतो. त्याची जात विचारण्याचे कारण पडत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अशी स्थिती नव्हती. त्या काळी मैदानावरचा चेंडू सर्वांचा असला, तरी मैदानाच्या कडेला मिळणारा चहाचा पेला सर्वांचा नसे. अशा काळात केवळ आपल्या गोलंदाजीच्या बळावर ज्यांनी देशभर कीर्ती मिळवली, ते खेळाडू म्हणजे पाळवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील पाळवणचे. त्यावरूनच त्यांचे आडनाव पडले. ज्या चर्मकार समाजात ते जन्मले, त्यास तेव्हा अस्पृश्य मानले जाई. वडील लष्करी खात्यात नोकरीस असल्यामुळे बाळूंचे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेले साहित्य घेऊन त्यांनी व त्यांचे भाऊ शिवराम यांनी खेळाचे पहिले धडे गिरवले. पुढे पोटासाठी पारशी लोकांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व तिच्यावर रूळ फिरवण्याचे काम बाळूंनी पत्करले. पगार होता महिना तीन रुपये.

१८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. जाळी बांधावी, खेळपट्टी तयार करावी आणि साहेब सरावास आले की त्यांना चेंडू टाकावेत, असा त्यांचा नित्यक्रम असे. जे. जी. ग्रेग हे नामांकित फलंदाज बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करीत. आपणास बाद केल्यास ते दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, ते नोकराने करावे. बॅट धरणे मात्र साहेबांनी, अशी तेथील रीत होती. बाळूंच्या हाती तेथे कोणी बॅट दिली नाही. परंतु त्या श्रमातूनच त्यांचा डावा हात तयार झाला. संथ गतीच्या चेंडूला हवी तशी फिरकी देण्यात त्यांचा हातखंडा झाला.

त्यांची ख्याती ऐकून पुण्याच्या हिंदू क्लबातील काही सभासदांना त्यांना आपल्या संघात घ्यावेसे वाटले. काहींनी विरोध केला. पण युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, हे अखेर सर्वांना पटले. मैदानात बाळूंनी हाताळलेला चेंडू सर्व जण झेलीत; विश्रांतीच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर उभे राहून मातीच्या वेगळ्या भांड्यातून चहा घ्यावा लागे. त्यांचे जेवणाचे पानही निराळे मांडले जाई. ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर चहा घेण्यास हरकत कोणती, असे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी विचारले होते, असे सांगतात. बाळू शांतपणे खेळत राहिले.

प्लेगच्या काळात ते मुंबईस गेले. तेथे रेल्वेत नोकरी करून ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. त्या सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले. पराभूत देशाच्या मनाला या विजयाने उभारी आली. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात पाळवणकर बंधूंना इतरांच्या पंक्तीला बसता येऊ लागले, ही गोष्ट समाजसुधारकांना त्या विजयाइतकीच मोलाची वाटली. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले. पण बाळूंनी त्या दौऱ्यात एकंदर ११४ बळी मिळवले.

एवढे कर्तृत्व असूनही कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या म. दा. पै यांनी तर हा मान खरे पाहता बाळूंचा असल्याचे जाहीरपणे मान्य केले. १९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूंना संघातूनच वगळण्यात आले आणि त्यांच्या भावांचा नेतृत्वाचा हक्कही डावलला गेला. तेव्हा विठ्ठल व शिवराम या भावांनी खेळण्यास नकार दिला. अखेर तडजोड होऊन बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले, आणि पै मैदानाबाहेर गेले असता त्यांनी संघाचे नेतृत्व केले. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले व त्यांनी हिंदू संघाला विजय मिळवून दिला. थोरल्या भावाला जे दार बंद होते, ते धाकट्यासाठी उघडले.

मैदान सोडल्यावर बाळू राजकारणात उतरले. तरुणपणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बाळूंविषयी मोठा आदर होता. पुढे मात्र दोघांचे मार्ग भिन्न झाले. अस्पृश्य मानलेल्या समाजाला स्वतंत्र मतदारसंघ हवेत, असे आंबेडकरांचे मत होते. बाळूंचा कल संयुक्त मतदारसंघांकडे होता. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३३ साली मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत बाळूंचा पराभव झाला. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे प्रत्यक्ष आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते मिळाली. दोघांनीही अपमान सोसला होता आणि दोघांनाही आपल्या समाजाची उन्नती हवी होती. मतभेद होता तो केवळ मार्गाविषयी.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले. हे आकडे त्यांच्या कौशल्याची साक्ष देतात. मैदानाच्या कडेला मातीचे भांडे हाती घेऊन उभ्या असलेल्या त्या तरुणाच्या मनाला काय वाटले असेल, हे मात्र आकड्यांवरून कळत नाही. ते ज्याचे त्याने विचार करून जाणावे.