विश्लेषण : डोंगरातील खारींवरच्या गोचिडांचा माग काढणारे हॉवर्ड रिकेट्स कोण होते?

अमेरिकेतील मोंटाना राज्यात, रॉकी पर्वतरांगेतल्या बिटररूट खोऱ्यात दर वसंतात एक ताप यायचा. अंगावर टिपके उठत आणि लागण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावत. वितळलेल्या बर्फाचे पाणी प्यायल्याने हे होते, असा तेथील समज होता.

संशोधनाला सुरुवात कशी झाली?

१८७१ मध्ये ओहायोत जन्मलेले रिकेट्स शिकागो विद्यापीठात विकृतिशास्त्र शिकवत. १९०६ मध्ये ते मोंटानात आले. आजारी गिनीपिगवर चिकटवलेला गोचीड नंतर निरोगी गिनीपिगवर सोडला, तर त्यालाही ताप येतो, हे त्यांनी दाखवले. बाधित मादीच्या अंड्यांतून पुढची पिढीही जंतू घेऊनच जन्मते, हेही त्यांना आढळले.

खारी-उंदरांचा संबंध काय?

या गोचिडाची पिल्ले जमिनीत बिळे करणाऱ्या खारी आणि रानउंदरांच्या रक्तावर वाढतात. पूर्ण वाढलेले गोचीड गुरे, हरणे आणि माणसांना चिकटतात. अशा छोट्या रानप्राण्यांनाही लागण होऊ शकते, हे रिकेट्स यांनी प्रयोगांतून तपासले. त्यामुळे रोगाचे मूळ पाण्यात नसून खारी, उंदीर व गोचिडांच्या साखळीत आहे, हे स्पष्ट होत गेले.

त्यांचा मृत्यू कसा झाला?

मोंटानातील पुढच्या कामाचा निधी रखडला, तेव्हा रिकेट्स मेक्सिको सिटीत टायफसच्या संशोधनाला गेले. हा ताप उवांमुळे पसरतो, असे त्यांना व सहकारी रसेल वाइल्डर यांना आढळले. मात्र त्याच तापाने रिकेट्स यांना गाठले. ३ मे १९१० रोजी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे पत्नी आणि दोन मुले होती.

आज त्यांचे महत्त्व काय?

१९१६ मध्ये हेन्रिक द रोशा लिमा यांनी टायफसच्या जंतूला रिकेट्स यांच्यावरून ‘रिकेट्सिया’ हे नाव दिले. टिपक्यांच्या तापाचा जंतू तर ‘रिकेट्सिया रिकेट्सी’ म्हणून ओळखला जातो. २०१८ मध्ये नागपूर व विदर्भात आढळलेल्या स्क्रब टायफसचा जंतूही याच कुळातला. तो उंदरांवर जगणाऱ्या बारीक किड्यांच्या पिल्लांमार्फत माणसात येतो. डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळाल्यास दोन्ही आजार बरे होतात. म्हणूनच तापाच्या रुग्णाला गवतात, शेतात किंवा रानात गेला होतात का, हे विचारणे आजही महत्त्वाचे ठरते.