समूहाच्या मुखासाठी पद्य : पंडिता रमाबाई आणि केडगाव

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात शाळांच्या नव्या वास्तू उभ्या राहू लागल्या, तसा त्यांच्या प्रारंभाच्या समारंभांना एक ठराविक आकार येत गेला. आरंभी ईशस्तवन, नंतर स्वागतपर पद्य, मग भाषणे, असा तो क्रम होता. या पद्यांचे कर्ते बहुधा त्याच शाळेतील शिक्षक असत. प्रसंग संपला की पद्यही विस्मृतीत जाई. मराठी काव्याच्या इतिहासाने या रचनांची फारशी दखल घेतली नाही, ही गोष्ट स्वाभाविक म्हणता येईल. तथापि या रचनाप्रकारामागे एक प्रश्न उभा असतो आणि तो काव्यदृष्ट्याही दुर्लक्षणीय नाही. नव्या वास्तूत पहिल्या दिवशी सर्वांनी मिळून काय म्हणावे, कोणत्या भाषेत म्हणावे आणि ते म्हणण्याचा अधिकार कोणाला असावा, हा तो प्रश्न होय. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या आयुष्यात तो वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा आलेला दिसतो. 'स्त्रीधर्मनीति' आणि 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या गद्यग्रंथांच्या कर्त्री म्हणून त्यांचा विचार पुष्कळ झाला आहे. त्या मानाने समूहाने गावयाच्या पद्याच्या कर्त्री म्हणून झालेला विचार अल्प आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले होते. पुढे आईनेच रमाबाईंना शिकविले. हे शिक्षण सर्वस्वी मौखिक परंपरेचे होते. पहाटे उठावे, आईच्या मागून श्लोक म्हणावा आणि तो कंठस्थ होईपर्यंत घोकावा, अशी रीत होती. भागवताचे हजारो श्लोक त्यांच्या मुखी झाले. कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, देवळाच्या आवारात पुराण सांगे आणि श्रोते जे देतील त्यावर उदरनिर्वाह करी. या व्यवस्थेत उच्चार एकाचा असतो. पौराणिक म्हणतो आणि समुदाय ऐकतो. श्लोकाचा अर्थ श्रोत्याला कळला नाही तरी श्रवणाचे पुण्य त्याला मिळते, अशी श्रद्धा असते. रमाबाईंच्या वाणीची घडण या एकमुखी पठणात झाली, हे त्यांच्या पुढील वाटचालीचा विचार करताना ध्यानात ठेवावे लागते.

मद्रास इलाख्यातील दुष्काळाने आईवडील आणि थोरली बहीण यांना ओढून नेल्यावर रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघे पायी देश पालथा घालीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. संस्कृतात तत्काळ पद्य रचण्याचे त्यांचे सामर्थ्य हा या कीर्तीचा एक आधार होता. १८८१ साली बर्लिन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी पाठविलेली संस्कृत पद्यरचना तेथे सादर झाली. संस्कृत भाषेला आलेली अवकळा हा तिचा विषय होता. विशिष्ट प्रसंगासाठी, विशिष्ट सभेसमोर येण्यासाठी केलेली ही रचना आहे. परंतु ती सभा पंडितांची होती. ज्या स्त्रियांसाठी रमाबाई पुढे आयुष्य वेचणार होत्या, त्यांच्यापैकी कोणालाही ते पद्य म्हणता आले नसते.

१८८० मध्ये बंधूंचे निधन, त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह, १८८१ मध्ये कन्या मनोरमेचा जन्म आणि १८८२ च्या प्रारंभी वैधव्य, अशा आघातांमागून आघात सोसून रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना आणि 'स्त्रीधर्मनीति'चे प्रकाशन या १८८२ मधील घटना होत. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. धर्म स्वीकारला तरी धर्माची भाषा त्यांनी मुकाट्याने स्वीकारली नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात क्रुसावरील लॅटिन अक्षरांचा वाद आढळतो. ती अक्षरे रमाबाईंना मान्य नव्हती. अक्षरे असावयाचीच तर ती संस्कृत असावीत, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या श्रद्धेचा उच्चार परक्या भाषेत होऊ नये, ही जाणीव येथे प्रथम स्पष्ट होते. मात्र त्या वेळी तिचा पर्याय संस्कृत हाच होता. संस्कृतातून साध्या मराठीपर्यंतचे अंतर अद्याप कापावयाचे होते.

अमेरिकेत १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक शारदासदन उघडले. प्रारंभसमारंभाचे अध्यक्षपद काशीबाई कानिटकर यांच्याकडे होते. स्त्रियांच्या शाळेच्या उद्घाटनाला एक मराठी लेखिका अध्यक्षस्थानी बसावी, ही त्या काळात अपूर्व गोष्ट होती. गोदूबाई जोशी, म्हणजे पुढे आनंदीबाई अथवा बाया कर्वे म्हणून प्रसिद्ध झालेल्या, या सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. या संस्थेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, प्रत्येकीने आपापला आचार पाळावा, असे ठरले होते. या तटस्थतेमुळेच शारदासदन उच्चवर्णीय समाजाला स्वीकारता आले आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांचे साहाय्य त्याला लाभले.

परंतु या तटस्थतेचे एक फलित असे की, सदनाला स्वतःचा असा सामूहिक उच्चार राहिला नाही. संस्थेच्या चालिकेची प्रार्थना निराळी आणि विद्यार्थिनींची निराळी. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे. काही विद्यार्थिनी आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. पुढचे वादळ या उघड्या दारावरूनच उठले. रमाबाई दार लावून घेण्यास तयार नव्हत्या आणि सल्लागार मंडळाला ते उघडे चालणार नव्हते. १८९३ मध्ये मंडळाने आपले अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली नेल्या. या वादात विश्वासाच्या करारभंगाचा प्रश्न होता, तसा व्यक्तीच्या श्रद्धास्वातंत्र्याचाही होता. दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी प्रामाणिक होत्या, असेच आज म्हणावे लागते. वाङ्मयीन दृष्टीने पाहता, एकीच्या प्रार्थनेत इतरांचे आवाज मिसळू लागले की तिचे स्वरूप बदलते आणि तिच्याबद्दल समाजाला उत्तर द्यावे लागते, हे या प्रसंगाने रमाबाईंना दाखवून दिले.

सदनाला पुढेमागे स्वावलंबी करावे या हेतूने रमाबाईंनी पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे जमीन घेऊन ठेवली होती. ती आज दौंड तालुक्यात मोडते. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया सोडवून आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू झाले होते. तेव्हा या मुलींना केडगावच्या माळावर, तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेवावे लागले. १८९८ मध्ये अमेरिकेचा दुसरा प्रवास आटोपून रमाबाई परतल्या आणि त्या माळावर मुक्तिसदनाच्या पक्क्या इमारती उभ्या राहू लागल्या. १८९९ मध्ये प्रार्थनामंदिराचा पाया घातला गेला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. कृपासदन, प्रीतिसदन, अंधांसाठी बर्तिमी सदन अशी एकेक वास्तू वाढत गेली. येथे सल्लागार मंडळ नव्हते आणि तटस्थतेचा करारही नव्हता. वास्तूच्या पहिल्या दिवशी काय म्हणावे हे ठरविण्यास रमाबाई आता मोकळ्या होत्या.

मात्र म्हणणाऱ्या कोण होत्या, हे पाहिले म्हणजे या मोकळेपणातील अडचण ध्यानी येते. शारदासदनातील विद्यार्थिनी मराठी ब्राह्मण घरांतील होत्या. श्लोक, आरत्या, स्त्रीगीते यांचा संस्कार घेऊन त्या आल्या होत्या. केडगावच्या मुली नाना जातींच्या, हिंदी व गुजराती मुलखांतून आलेल्या होत्या. बहुतेक निरक्षर होत्या आणि काही अंध होत्या. पुस्तक हाती देऊन त्यांच्याकडून पद्य म्हणवून घेणे शक्य नव्हते. ऐकून पाठ होईल, एकीने म्हटले की दुसरीला उचलता येईल आणि ज्यातील शब्द जोडाक्षरांनी अडणार नाहीत, असेच पद्य येथे चालण्याजोगे होते. केडगावच्या उपासनेसाठी रमाबाईंनी जी मराठी गीते रचली, ती देशी भजनांच्या चालींवर म्हणता येण्याजोगी होती. पाठांतराची जी शक्ती आईने पहाटेच्या घोकंपट्टीतून त्यांच्या ठायी निर्माण केली होती, तिचाच उपयोग आता दुसऱ्या अंगाने झाला. पूर्वी एका मुलीने हजारो श्लोक पाठ केले होते. आता हजारो मुलींना थोडी पदे पाठ व्हावयाची होती. बर्लिनच्या परिषदेसाठी संस्कृत पद्य रचणाऱ्या विदुषीने त्यासाठी आपली सारी अलंकारसंपदा बाजूला ठेवली.

या प्रयत्नाला शेजारी एक परंपरा होती. केडगावच्या उत्तरेस भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. घोडनदीकाठचे शिरूर हे पुणे–नगर रस्त्यावरील अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे आणि नगर हे त्या मिशनचे केंद्र. आरंभीची मराठी ख्रिस्ती गीते पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे असत आणि विलायती चालींवर म्हटली जात. मराठी शब्दांचा आघात त्या चालींत बसत नसे. नगरच्या परिसरात कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा घाट ख्रिस्ती आशयासाठी वापरला. १८९५ मध्ये दीक्षा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग व पदे यांच्या द्वारे मराठी मंडळीला तिची स्वतःची गाणी दिली. टिळक प्रतिभेचे कवी होते आणि त्यांच्या भक्तिगीतांत कवीचे व्यक्तिमत्त्व ठायी ठायी प्रकटते. रमाबाईंच्या रचनेचे प्रयोजन याहून मर्यादित होते. गाणारीला कर्त्याची आठवणही राहू नये, इतके ते पद तिचे व्हावे, अशी ती रचना आहे. त्यामुळे टिळकांना मराठी काव्येतिहासात स्थान मिळाले आणि रमाबाईंची पदे उपासनेपुरती राहिली, यात नवल नाही.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तिसदनात जे धार्मिक नवचैतन्य आले, त्या वेळी शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत असल्याची नोंद आहे. पाहणाऱ्या काही पाश्चात्त्यांना तो गोंगाट वाटला. रमाबाईंनी तो थांबविला नाही. दहाबारा वर्षांपूर्वी खोलीचे दार लावण्यास नकार देणाऱ्या बाईंच्या स्वभावाशी हे सुसंगतच होते.

याच सुमारास त्यांनी बायबलच्या नव्या मराठी भाषांतराचे कार्य हाती घेतले. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतराची भाषा सामान्य स्त्रीला कळत नाही आणि हिंदू तत्त्वज्ञानाचे संस्कार असलेल्या शब्दांमुळे मूळ अर्थ झाकला जातो, अशी त्यांची धारणा होती. या दुसऱ्या आक्षेपापायी काही ठिकाणी त्यांची मराठी रुक्ष आणि अनोळखी झाली, हे मान्य करावे लागते. भजनाची चाल त्यांनी परंपरेतून निःसंकोच घेतली आणि परंपरेतील शब्दांवर मात्र कडक पहारा ठेवला, ही विसंगती त्यांच्या कार्यात अखेरपर्यंत राहिली. त्यांच्या संस्थेचे मुक्ती हे नावच त्या पहाऱ्यातून सुटलेले आहे. ते भारतीय मोक्षविचाराने घडविलेले आहे आणि त्याला पर्यायी शब्द शोधावा असे त्यांना कधी वाटले नाही.

१९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथेच देह ठेवला. मुक्तिसदनाच्या छापखान्यात स्त्रियांनी जुळविलेल्या खिळ्यांतून संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. पुराण सांगणाऱ्या घरात वाढलेल्या रमाबाईंच्या लेखनाचा अखेरचा टप्पा असा पुन्हा मौखिक उच्चाराशी येऊन मिळतो. फरक इतकाच की, देवळाच्या आवारात श्रोते गप्प बसत असत आणि केडगावच्या मंदिरात तेच गात होते. त्यांच्या पदांचे मोल ठरविताना प्रतिभेची कसोटी लावली तर हाती थोडेच लागेल. ज्या मुलींना दुष्काळाने घर, गाव आणि बहुधा बोलीही सोडावयास लावली होती, त्यांना एकत्र उच्चारता येईल असे काही देणे, हे त्या पदांचे काम होते, आणि ते त्यांनी केले.