जंतू वेगळा केला जाण्याच्या ३० वर्षं आधी या डॉक्टरने कॉलरा नकाशावर पकडला

साल १८५४. लंडनच्या सोहो भागात कॉलरा शिरला आणि दहा दिवसांत ५०० हून जास्त माणसं गेली.

तेव्हा बहुतेक डॉक्टर कॉलऱ्यासाठी घाणेरड्या हवेला दोष द्यायचे. डॉ. जॉन स्नो यांना ते पटत नव्हतं. रोग हवेतून येतो, तर आधी पोट का बिघडतं? त्यांचा संशय पाण्यावर होता.

स्नो यॉर्कच्या मजुराचा मुलगा. १४ व्या वर्षापासून डॉक्टरच्या हाताखाली शिकलेले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिलं होतं.

सोहोत ते घरोघर फिरले. पुढे नकाशावर प्रत्येक मृत्यूची रेघ मारली. रेघांची गर्दी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती झाली. कोणत्या घराला चालत कोणता पंप जवळ, याची हद्दही त्यांनी आखली.

पण खरी गंमत अपवादांत होती. पंपाजवळच्या बिअर कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते बिअर प्यायचे. लांब हॅम्पस्टेडमधली एक बाई मात्र गेली. तिच्या घरी याच पंपाचं पाणी जायचं.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. साथ तोवर ओसरत आली होती. सरकारी चौकशीने स्नोंचं म्हणणं फेटाळलं. १८५८ मध्ये, ४५ व्या वर्षी ते वारले.

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात कॉलऱ्याचा जंतू वेगळा केला. तो तिथल्या तळ्याच्या पाण्यातही सापडला. स्नो बरोबर होते.

आज अन्नातून विषबाधा पसरली की तपास अधिकारी तेच विचारतात: आजारी कुठे आहेत, आणि कोण वाचलं?